भासरे आले

अनुसयाबाईंच्या खुब्याचं हाड जुळलं होतं, पण अनुसयाबाईंना ते पटत नव्हतं.

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. व्यायाम करून घेणाऱ्या सरांनी पाय वाकवून, वळवून, उचलून दाखवला. मुलगा आदेश पुण्याहून रोज फोनवर सांगायचा, "आई, तू आता चालू शकते." बाई सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या आणि पलंगावरच बसून राहायच्या. न्हाणीत पाय घसरला त्या दिवशी त्यांचा स्वतःच्या पायांवरचा भरवसा उडाला होता, आणि असला भरवसा एक्स-रेमध्ये दिसत नाही.

बोरगाव मेघेच्या टोकाला, जिथे घरं विरळ होऊन तुरीची शेतं लागतात, तिथे हे सेवाकेंद्र आहे. फाटकावर संस्थेचं भलंमोठं नाव आहे. ऑटोवाले मात्र त्याला 'म्हाताऱ्यायचं होस्टेल' म्हणतात. कोणाची मुलं पुण्यात, कोणाची दुबईत, कोणाची इथेच वर्ध्यात पण दोन खोल्यांत. ज्याला दोष द्यावा असं फारसं कोणी नाही. म्हातारपण लांबलं आणि घरं लहान झाली, एवढंच.

तिथे वर्षाली कामाला होती. पदाचं नाव नर्सिंग असिस्टंट. म्हातारी मंडळी खुशीत असली की तिला 'सिस्टर' म्हणत आणि रागात असली की 'ए बाई'. सकाळी येऊन ती आधी सगळ्यांचे डायपर बदलायची, कोमट पाण्यानं अंग पुसायची, पाठीला पावडर लावायची, कूस वळवून दुखरी जागा लाल झाली का ते बघायची. मग कवळ्या धुवायच्या, गोळ्या द्यायच्या, कोणाचं बीपी बघायचं, कोणाला घास भरवायचा, कोणाशी उगाच भांडायचं. हे भांडण कामाच्या यादीत नसतं, पण त्याच्याशिवाय काही म्हातारे जेवत नाहीत. घाण काढायची तिला कधी किळस वाटली नाही. लोक तिला विचारत, "कसं करतेस गं?" तिला या प्रश्नाचाच राग यायचा. लेकराचं करतात तेव्हा कोणी विचारत नाही.

सगळ्यांचं सारखं करायचं, कोणात जीव गुंतवायचा नाही, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. वर्षालीनं ते नीट ऐकलं होतं आणि मग अनुसयाबाईंमध्ये जीव गुंतवला होता. त्याला कारणही तसंच होतं. बाई नाश्त्यातला अर्धा लाडू उशाखाली ठेवून तिची वाट बघायच्या. तिच्या हातची कामं आटोपली की तिला पलंगाशी खाली बसवून तिचे केस विंचरायच्या.

"माहे पाय गेले, हात नाई गेले," त्या म्हणायच्या. "अन् तुहे केस असे काऊन? तुह्या घरी आरसा नाई काय?"

"पाय बी नाई गेले, आजी. उठून तं पाहा."

"उद्या पाहू."

हा उद्या काही उगवत नव्हता आणि इकडे एक दिवस मात्र जवळ येत चालला होता. केंद्राचा नियम होता: ज्याला वॉकर धरून पलंगापासून संडासापर्यंत जाता येत नाही, त्याला इथे ठेवता येत नाही, संस्थेच्या नागपूरच्या शाखेत पाठवावं लागतं. तिथे कठडेवाले पलंग होते, जास्त माणसं होती, व्यवस्था चांगली होती. पण तिथे गेलेला माणूस पलंगावरच राहायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. व्यवस्थापक मॅडमनी आदेशला कळवलं होतं, संक्रांतीनंतर तपासणी करू. बाई उठल्या तर ठीक, नाहीतर गाडी बोलावू. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांच्याकडे माणसं कमी आणि पलंग मोजके होते. वर्षालीला हे कळत होतं, आणि तरी नागपूरच्या गाडीचा विचार आला की ती बाईंच्या पायांना आणखी एकदा तेल लावायची.

अशात नत्थूजी आले.

नत्थूजी तळेगावचे. श्यामजी पंतांचं तळेगाव, आष्टीकडचं. जन्मभर वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवून बाजारात नेऊन विकलेला माणूस. बायको गेली, मुलगा पुलगावला नोकरीला, तेव्हा ते स्वतःच म्हणाले की मला कुठेतरी ठेव, तुझी बायको तरी सुटेल. आल्या दिवशी त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे स्वयंपाकघरात जाऊन वांगी दाबून पाहिली आणि आचाऱ्याला सांगितलं की तुला फसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत केंद्र पाहायला निघाले. पुरुषांच्या बाजूनं बायकांच्या बाजूला वळताना त्यांनी खाकरा काढला. खोकला आला म्हणून नव्हे. बायका असतील तिकडे जाण्याआधी पुरुषानं खाकरावं, म्हणजे त्यांना सावरून घ्यायला वेळ मिळतो, असं त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं.

वर्षाली तेव्हा अनुसयाबाईंना पलंगाच्या काठावर बसवून त्यांच्या तळव्यांना तेल लावत होती. खाकरा ऐकू आला. अनुसयाबाईंचा एक हात पदराकडे गेला, दुसरा पलंगाच्या दांड्याकडे, आणि बाई उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्याच राहिल्या नाहीत, तर भिंतीला धरून दोन पावलं सरकून कपाटाआड गेल्या.

वर्षाली तेलाची वाटी हातात धरून खाली बसलेली तशीच राहिली.

"भासरे आले," अनुसयाबाई कुजबुजल्या.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. नत्थूजी सख्खे नव्हेत, बाईंच्या नवऱ्याचे, रूपरावांचे, चुलतभाऊ. पण चुलत आणि सख्खा असा भेद तळेगावात पदर घेताना कोणी करत नसे. भासऱ्यासमोर बसायचं नाही, तोंड उघडं ठेवायचं नाही, सरळ बोलायचं नाही. लग्न होऊन तळेगावात पाऊल ठेवलं त्या दिवसापासून अनुसयाबाईंनी हे पाळलं होतं, आणि नत्थूजींचा खाकरा त्या ओळखून होत्या.

दारातून नत्थूजींनी कपाटाआडचा ओळखीचा पदर ओझरता पाहिला आणि लगेच तोंड खिडकीकडे वळवलं.

"पोरी," ते वर्षालीला म्हणाले, "हे आमच्या रूपरावच्या घरची तं नोहे? तिले विचार, बरी आहे काय म्हना."

वर्षालीनं कपाटाकडे पाहिलं. विचारायची गरज नव्हती; मधलं अंतर हातभर होतं.

"सांग त्यायले, बरी आहे म्हना," कपाट म्हणालं.

"बऱ्या आहेत, आबाजी," वर्षालीनं पोचवलं.

नत्थूजी समाधानानं निघून गेले. अनुसयाबाई भिंत धरून परत पलंगावर आल्या, बसल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"अव वर्षाली, मी उभी राह्यली होती काय व?"

वर्षालीनं तेलाची वाटी खाली ठेवली. तिच्या डोक्यात भलतंच काही शिजायला लागलं होतं.

दुपारी तिनं नत्थूजींना गाठून सगळी हकीकत सांगितली. ते मनापासून हसले.

"म्हनजे मी रोज खोकलू म्हनते?"

"फक्त सकाळी अन् संध्याकाळी, आबाजी. अन् जरा मोठ्यानं."

"डॉक्टर लोक खोकला बंद कराचं औषध देते. तू पह्यली असन, खोकला सुरू करून राह्यली."

पण माणूस खूश झाला. शेत सुटल्यापासून आपला कोणाला उपयोग नाही हे त्यांना खुपत होतं, आणि आता त्यांना काम मिळालं होतं. रोज सकाळी नाश्त्यानंतर, आणि परत संध्याकाळी, ते ठरल्या जागी येऊन खाकरत. अनुसयाबाई उठत. वर्षाली मुद्दाम पलंग कपाटापासून जरा लांब ओढून ठेवी, मग जरा आणखी लांब. वॉकर हाताशी ठेवी. बाई पदर दातात धरून वॉकर ढकलत आडोशाला जात. काही दिवसांत आडोसा म्हणून संडासाचं दारच उरलं.

वर्षालीला मजा येत होती, पण मनाला थोडं टोचतही होतं. ती पुलगावच्या बौद्ध घरातली. तिच्या आजीनं, धुरपतानं, दीक्षेनंतर घरातल्या सगळ्या सुनांना बसवून सांगितलं होतं की आजपासून कोणी कोणासमोर तोंड झाकून उभं राहायचं नाही. त्या घरात वाढलेली ही पोरगी एका बाईला पुरुषापुढे दिवसातून दोनदा उभं करत होती आणि वर मनातल्या मनात टाळ्या वाजवत होती. ती स्वतःला समजवायची की हे औषध आहे, आणि औषध कडू असतं. मग तिचं तिलाच हसू यायचं, कारण हे औषध ती स्वतः कधीच प्यायली नसती.

तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण माणसाला हाव सुटते, आणि चांगल्या कामाची हाव तर सुटली की कळतही नाही.

तपासणी तीन-चार दिवसांवर आली होती. वर्षालीनं ठरवलं की आता बाईंना जास्त वेळ उभं राहता आलं पाहिजे. संध्याकाळच्या चहाला ती त्यांना व्हीलचेअरवरून हॉलमध्ये घेऊन आली, खुर्चीवर बसवलं, वॉकर समोर ठेवला. मग नत्थूजींना बोलावून थोड्या अंतरावर बसवलं. ते खाकरले. बाई उठल्या, वॉकर धरून उभ्या राहिल्या. हॉलमध्ये आडोसा नव्हता, म्हणून पदर नाकापर्यंत ओढून त्या जागीच राहिल्या. वर्षालीला मनातून फार बरं वाटलं. तेवढ्यात आतून हाक आली, कोणाला तरी उलटी झाली होती. "आलीच," म्हणून ती धावली.

तिला वाटलं, दमल्या की बाई बसतील. नत्थूजींना वाटलं, आपण आलो म्हणजे बाईला केव्हाच आत नेलं असेल. ते त्या बाजूला पाहणार कसे? भावाच्या बायकोकडे पाहायचं नसतं. ते दुसऱ्या म्हाताऱ्याशी यंदाच्या कांद्याबद्दल बोलत बसले, अगदी रंगून, आणि त्यांच्या पाठीमागे अनुसयाबाई उभ्या होत्या. ते पाहत नव्हते म्हणून त्यांना कळत नव्हतं, आणि ते उठत नव्हते म्हणून बाईंना बसता येत नव्हतं. दोघंही आपापली मर्यादा पाळत होते. चहा संपला, तरी कांदा संपला नाही.

वर्षाली उलटी पुसून, चादर बदलून, हात धुऊन परत आली तेव्हा वॉकर खडखड वाजत होता. बाईंच्या पोटऱ्या थरथरत होत्या. ती पळत गेली. बाई कोसळल्या त्या तिच्या अंगावर. तिचा गुडघा फरशीवर आपटला, पण बाईंना तिनं जमिनीला लागू दिलं नाही.

फार लागलं कोणालाच नाही, आणि तरी सगळं मोडलं. अनुसयाबाई पलंगावर पडल्या त्या उठायचं नाव काढेनात. जुनी भीती परत येऊन त्यांच्या पायांवर बसली. मॅडमनी वर्षालीला खोलीत बोलावलं.

"ह्या वयात परत खुबा मोडला असता तर त्या उठल्याच नसत्या, माहीत आहे ना तुला?"

"हो, मॅडम."

"मग?"

मॅडम रागावल्या ते बरोबर होतं, म्हणून तर वर्षालीला ते जास्त लागलं.

सगळ्यात वाईट झालं ते नत्थूजींचं. त्यांना कळलं तसे ते खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. सकाळी नाश्त्याला आले नाहीत. ताट खोलीत नेलं तर तसंच परत आलं. वर्षालीनं भांडून पाहिलं, लाडानं बोलून पाहिलं.

"मागे पाह्यलं असतं तं दिसलं असतं," एवढंच ते म्हणाले. "बिचारी उभी होती, अन् मी कांदे सांगून राह्यलो."

तिकडे खाकरा बंद झाला. बायकांच्या बाजूची सकाळ एकदम गप्प झाली.

तपासणीच्या आदल्या दुपारी वर्षाली अनुसयाबाईंच्या पायांना तेल लावायला बसली. एक पाय चोळून झाला. मग म्हणाली, "आजी, एक सांगू? आबाजी आपले आपले नोते खोकलत. मीच सांगितलं होतं त्यायले. तुम्ही उठाव म्हनून."

"मले का समजत नोतं?" अनुसयाबाई म्हणाल्या. "मानूस रोज नाश्ता झाला का खोकलते, अन् खोकलून झाला का तिथूनच वापस जाते. असा खोकला असते काय कुठं?"

वर्षालीचे हात थांबले. "मंग तुम्ही उठत काऊन होत्या?"

"भासरे आहेत ना."

वर्षालीला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. तिनं बाईंच्या पायांवर डोकं टेकलं.

"आजी, उद्या उठान नाई तुम्ही, तं नागपूरले नेतीन तुमाले. मले नाई करमनार हो तुमच्याबिगर."

अनुसयाबाईंनी तिच्या केसांत बोटं घातली, पण उठते म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी वेगळंच विचारलं.

"ते जेवले काय?"

"कालपासून नाई. मागे पाह्यलं असतं तं दिसलं असतं, एवढंच म्हनतात."

बाईंनी पाय आखडून घेतले आणि पदर अंगाभोवती लपेटून त्या खिडकीबाहेर पाहत बसल्या. वर्षालीला वाटलं, झोप आली असेल.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला मॅडम तपासणीला आल्या. वर्षालीनं सकाळपासून देवाला मानत नसूनही कोणाकोणाला काय काय कबूल केलं होतं. ती मॅडमच्या मागे खोलीत शिरली. पलंग रिकामा होता. पलंगाशी ठेवलेला वॉकर नव्हता. संडासात पाहिलं, तिथे कोणी नव्हतं.

"कुठे गेल्या?" मॅडम म्हणाल्या.

वर्षाली पळाली. हॉल ओलांडून ती पुरुषांच्या बाजूला वळली आणि थबकली. नत्थूजींच्या खोलीच्या दारात अनुसयाबाई उभ्या होत्या. डोक्यावर पदर, दोन्ही हातांत वॉकर, धाप लागलेली. हॉलच्या पलीकडून इथवर त्या एकट्या आल्या होत्या, कोणी न खोकलता. आत नत्थूजी भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि शेजारी स्टुलावर झाकलेलं ताट होतं.

वर्षालीची चाहूल लागताच बाईंनी हुश्श केलं. निरोप न्यायला माणूस मिळालं होतं.

"सांग त्यायले," त्या म्हणाल्या, "मी काई पडली नोती. वर्षालीच्या मांडीवर बसली होती म्हना."

"तिले सांग," भिंतीकडून आवाज आला, "मी मागे पाहाले पायजे होतं."

"पाहाचं नसते म्हनून नाई पाह्यलं म्हना त्यायनं. त्यात गुन्हा नाई. सांग, उठा म्हना, अन् जेवा."

"भूक नाई म्हन."

वर्षाली एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होती. तिनं अजून एक शब्दही पोचवला नव्हता आणि सगळं बोलणं झालं होतं. मॅडम तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दारातल्या बाईंकडे पाहिलं, मागच्या लांब हॉलकडे पाहिलं आणि वर्षालीच्या कानाशी हळूच म्हणाल्या, "गाडीला नको म्हणून सांगते मी." वर्षालीला तिथेच त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण तिचं लक्ष बाईंच्या पायांकडे गेलं. पोटऱ्या परत थरथरायला लागल्या होत्या.

ती झटकन पुढे झाली. आतली खुर्ची ओढून तिनं बाईंच्या मागे आणून ठेवली, आणि मग तिला आठवलं की ही खुर्ची भासऱ्यासमोरची आहे. अनुसयाबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. पलंगाकडे पाहिलं. वर्षालीनं एक हात त्यांच्या पाठीमागे धरला. बसा म्हणायचा हक्क आपला नाही, असं तिला वाटलं.

"भाऊजी," अनुसयाबाई म्हणाल्या.

वर्षालीकडे न पाहता म्हणाल्या. सगळ्या जन्मात पहिल्यांदा सरळ भासऱ्याशी.

"भाऊजी, मी बसते आता. पाय थकले माहे."

आणि त्या बसल्या. हात वॉकरवर होते, पदर डोक्यावरून मागे घसरला, तो त्यांनी सावरला नाही.

नत्थूजी हळूहळू कुशीवर वळले, कोपरावर भार देऊन उठले. त्यांनी समोर पाहिलं. लग्न होऊन गावात आली तेव्हापासून जी बाई त्यांना नुसती पदराच्या काठाएवढीच ठाऊक होती, तिच्या तोंडाकडे ते पाहत राहिले. पांढरे केस, बसलेले गाल, हनुवटीवरचं हिरवं गोंदण.

"अव माय," ते म्हणाले, "तू तं म्हातारी झाली."

"मंग तुम्ही कुठं जवान राह्यले," अनुसयाबाई म्हणाल्या. "जेवा आता."

नत्थूजींनी ताटावरचं झाकण काढलं. वर्षालीनं डोळे पुसले, वरणाची वाटी उचलली आणि ती गरम करून आणायला गेली.